पॉजवरचा डाव

दुरुस्तीच्या दुकानात मिक्सर कडेवर घेऊन एक बाई रांगेत उभ्या होत्या. पुढच्या टकलू गृहस्थांनी काउंटरवर जुना व्हिडिओ गेम ठेवला, तशी मेकॅनिकने त्याची वायर हुंगली.

“काका, अडॅप्टर पार वितळलाय. बंदच करत नव्हतात की काय?”

“पॉजवर होता. धाकट्या भावाची टॅक्सी आली, डाव अर्ध्यात टाकून उठला. म्हणाला, आलोच.”

“गेला कुठे?”

“परदेशात. नोकरीला.”

“आणि तेव्हापासून हा चालू? अहो, फ्रिज आहे का हा?”

“बंद केला की डाव पुसला जातो ना यात.”

“अडॅप्टर नवा टाकतो. डाव मात्र गेला.”

“हं.”

“जिंकत कोण होतं?”

“तोच.”

“मग वाचलात की, काका!”

“कसला वाचतोय! जिंकायला तरी तो परत आला असता.”