जागा माझी, नाव चीनचं

नाही, तुम्हीच सांगा, माणसाने गावाच्या भल्यासाठी तोंड उघडायचं की नाही? उघडलं! आणि त्याचं फळ काय, तर गोठलेल्या तळ्यावरच्या माझ्या खोपटाच्या पुढे, मागे, दोन्ही अंगांना अख्खं गाव गळ टाकायला बर्फात गिरमिटांनी भोकं पाडत बसलंय... घर्रर्र... घर्रर्र... मासे काय बहिरे आहेत?

तुम्हाला सांगतो, आमच्या मिनेसोटात माणूस एक वेळ पगार सांगेल, बायकोचं खरं वय सांगेल, मूळव्याधीचं ऑपरेशन जेवताना रंगवून सांगेल, पण गोठलेल्या तळ्यावर वॉलाय मासा नेमका कुठे लागतो, ते सांगणार नाही. मरताना पोराच्या कानात सांगायची गोष्ट आहे ती! माझ्या बापाने मला तशीच सांगितली, नर्सला खोलीबाहेर काढून. तेव्हापासून मी त्या जागेवर जायचं तर आधी उलट्या दिशेला निघणार, लांबचा वळसा घालणार, मागे कुणी नाही ना बघणार, आणि मग बसणार. पेट्रोल पंपावर डेल्मर क्वाम भेटला की विचारणार, "काय अर्व्हिड, लागतंय का काही?" मी म्हणणार, "लागतं आपलं, अधूनमधून." "कुठे बसतोस हल्ली?" "बर्फावर." संपलं! यापुढे विचारायचं नाही ही आमच्याकडची रीत. पण हा डेल्मर... दुर्बीण घेतलीय त्याने! म्हणे पक्षी बघायला! भर जानेवारीत, तळं दगडासारखं झालेलं असताना, कुठला पक्षी येतो हो तिथे? आणि हेर म्हणून नाव मात्र चीनचं!

तर ते चिनी अ‍ॅप, पोरंटोरं नाचगाण्याचे व्हिडिओ टाकतात ते; म्हणे चीन त्यातून आपल्यावर पाळत ठेवतो. ते ठेवायचं की बंद करायचं यावरून तिकडे वॉशिंग्टनमध्ये भांडाभांडी. आम्हाला कुणी विचारलं होतं? कुत्र्यानेही नाही. पण आमच्या नगराध्यक्ष बाई, जीनेट रुडक्विस्ट, त्यांना हुक्की आली की आपल्या गावानेही ठराव करायचा. झालं! अग्निशमन केंद्रातला बंब बाहेर काढला, खुर्च्या मांडल्या, ती आमची पाणचट कॉफी उकळत ठेवली, आणि दारातच बंदी मागणारा अर्ज. पहिली सही माझी. अशी ठसठशीत!

का नाही करणार? आमची बायको, लोर्ना, एकदा डबा घेऊन खोपटात आली, बसल्या बसल्या फोनवर तेच अ‍ॅप उघडलं, आणि ते तिला विचारतं, 'तुम्ही कुठे आहात हे आम्हाला कळू द्यायचं का?' आणि ही खुशाल म्हणते, हो! माझ्या शेजारी बसून! माझ्या बापाच्या जागेवर! मला तर त्या दिवसापासून झोप नाही.

सभेत पहिला उठला डेल्मर. हा असा, पँट वर ओढत, "माझी नात त्या अ‍ॅपवर गाणी म्हणते. सरकारने आमच्या फोनमध्ये नाक खुपसायचं कारण नाही. आणि मला तर बुवा लपवण्यासारखं काहीच नाही." टाळ्या! दुर्बीणवाल्याला टाळ्या! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, त्याला टाळ्या! बाई नाकातून म्हणतात, "शांतता राखा, लिंबाच्या वड्या घ्या." माझं डोकं असं सणकलं...

उठलो. म्हटलं, "अरे भल्या माणसांनो, हे अ‍ॅप काय करतं ठाऊक आहे का? उद्या बीजिंगमध्ये बसलेला कुणीही सांगेल, अर्व्हिड टोलेफसन दर शनिवारी पहाटे कुठे असतो! जुन्या गिरणीचं धुराडं आणि चर्चचा मनोरा एका रेघेत येतात, तिथून जरा डावीकडे, बुडालेल्या खडकाच्या कडेला! चालेल का तुम्हाला हे? एका माणसाची खाजगी जागा अशी जगजाहीर झालेली चालेल?"

ती कॉफीची किटली तेवढी गुरगुरतेय.

मग डेल्मर, अगदी मऊ आवाजात, चर्चमध्ये बोलतात तसा... "डावीकडे म्हणजे, चर्चकडे तोंड करून की गिरणीकडे?"

आणि मी, गाढव, रागाच्या भरात उत्तर दिलं हो! "चर्चकडे!"

लोर्ना म्हणाली, "अर्व्हिड, बस खाली." आता बसून काय करू? झाकली मूठ गावाच्या टेबलावर उघडून ठेवली होती मी. बाईंनी घाईघाईने कागद गोळा केले, "ठरावाचं पुढच्या सभेत बघू, उद्या जरा लवकर उठायचंय." उद्या कोणता वार? शनिवार!

पहाटे पोहोचलो, तर बाईंचं गुलाबी खोपटं माझ्या आधी उभं. डेल्मर वर तोंड करून विचारतो, "अरे, तूही इथेच बसतोस?" पाद्रीबाबासुद्धा आले, स्टूल घेऊन! मी एकेकाचं तोंड नीट बघितलं. अख्ख्या तळ्यावर चिनी माणूस एकही नाही!

वॉलाय काय थांबतोय या गोंगाटात? गेला. बापाने विश्वासाने दिलेली एकच वस्तू, ती मी भाषण करून घालवली. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. लोर्नाने गुपचूप फोन हातात दिला, "बघ, तुझा भाऊ."

बघतो तर तेच अ‍ॅप. एक चिनी म्हातारा, कानटोपी घालून, उपड्या बादलीवर बसलेला, बर्फावर. एकटा! मागे डोंगर नाही, घर नाही, झाड नाही. पठ्ठ्याने फोन असा धरलाय की बर्फ आणि मासा, बस. खाली लोकांचे प्रश्न, फोनच त्यांचं भाषांतर करतो, लोर्ना वाचून दाखवतेय, "आजोबा, हे तळं कुठलं हो?" आणि त्याचं उत्तर, "बर्फाचं."

डोळ्यात पाणी आलं हो माझ्या. हा माणूस आपला! तेव्हापासून रोज जेवण झालं की आम्ही दोघं बसतो, तो तिकडे, मी इकडे. तो मला जागा विचारत नाही, मी त्याला विचारत नाही.

आणि काल जीनेटबाई भेटल्या. म्हणाल्या, "अर्व्हिड, ठराव राहिला, पण तुमचा तो अर्ज दिला हो पाठवून वॉशिंग्टनला. बंदी आता येणारच बघा!" घ्या! जगात एक शहाणा शेजारी मिळाला, त्याच्या तोंडावर दार लावा म्हणून अर्ज गेला, आणि त्यावर सगळ्यात वर नाव कुणाचं? या वेळी चीनचं म्हणून चालत नाही ना...