पाचर माझी होती

मी मूळचा कणकवलीकडचा, घर सुताराचं, वडील हातकरवतीनं फणसाचे ओंडके कापायचे, एक माणूस वर आणि एक खाली खड्ड्यात, आणि खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा, तो खालचा म्हणजे मी. काय सांगू तुम्हाला, त्या भुशाला कंटाळून मुंबईला आलो नि इथंही भुसाच वाट्याला आला. लालबागला मामाच्या खोलीत उतरलो, मामानं गिरणीत चिकटवलं, पण कापसाच्या धुळीनं छाती भरायला लागली तेव्हा मामाच म्हणाला, गोयंदा, तू लाकडातला माणूस, लाकडातच जा. म्हणून रे रोडला वखारीत लागलो, गोल करवतीवर.

लोखंडी टेबल, मधल्या फटीतून पातं वर आलेलं, खाली मोटर नि पट्टा. मी अलीकडून लाकूड ढकलायचो, भिकाजी पलीकडून ओढून घ्यायचा. भिकाजी माझ्याच गावचा, चाळीत शेजारच्याच खोलीत, अकरा वर्षं आम्ही दोघं त्या पात्याच्या दोन बाजूंना. मोटरच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळं सगळं डोळ्यांनी, मी मान हलवली की तो ओढणार, मी थांबलो की तो थांबणार. बायकोशी तरी इतकं जमतं काय कोणाचं?

आता स्वीचचं सांगतो, ते नीट लिहून घ्या. भिंतीवर लोखंडी पेटी, हँडल वर केलं की करवत चालू, आणि आत विजेवर चालणारा एक लोहचुंबक, तो हँडल वर धरून ठेवायचा. लाइट गेली की चुंबक सोडून देणार, हँडल खटकन खाली, म्हणजे मग लाइट परत आली तरी माणसानं हँडल वर केल्याशिवाय करवत फिरणार नाही. ज्यानं कोणी ते बनवलं त्यानं माणसाच्या जिवाचा विचार केला होता. तर तो चुंबक जळला. हँडल वर केलं, हात सोडला की खाली. वायरमन आला, बघून म्हणाला, हा गेला, सगळी पेटी नवीन बसवा, दीड तासाचं काम आहे.

मालक म्हणाले, बघू या. मालक गिरगावातले, शिकलेले, स्वच्छ बोलणारे, संयुक्त महाराष्ट्राची सभा असली की पुढच्या खुर्चीत. बघू या, बघू या करत गणपती गेले, दिवाळी गेली. आणि मी, मी काय केलं असेल? सुताराची जात माझी, काही हललं, सैल झालं, की पाचर ठोकायची एवढंच आम्हाला कळतं. सागवानाचा तुकडा घेतला, तासून पाचर केली, हँडलखाली बसवली, करवत सुरू. सगळ्यांनी शाबासकी दिली. मालकांनी पाठ थोपटली, म्हणाले, गोविंदा, डोकं आहे तुला. तेव्हा मला बरं वाटलं होतं, आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाचर लावली म्हणजे लाइट गेली तरी हँडल वरच राहणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. म्हणून मी नेम केला होता, करवत थांबली की पहिली पाचर काढायची. भिकाजीचा नेम काय, करवत थांबली की फटीत हात घालून अडकलेल्या ढलप्या काढायच्या. मी पाचर काढणार, तो हात घालणार, असं कैक वेळा झालं. तो वळून बघायचाही नाही, गोयंदान काढली असतली, संपलं.

त्या दिवशी भर दुपारी लाइट गेली आणि त्याच वेळी रस्त्यानं मोर्चा आला. घोषणांचा आवाज ऐकला नि मी तसाच दाराशी धावलो. आमच्या चाळीतली पोरं दिसतात काय बघत होतो. किती वेळ म्हणाल, एक विडी ओढून होईल तेवढासुद्धा नाही. लाइट आली नि मागं मोटर घुरघुरली.

भिकाजी ओरडला नाही. उजवा हात पोटाशी धरून उभा होता आणि मला विचारत होता, गोयंदा, माझी बोटां खंय रे? तीन बोटं गेली. मी भुशात शोधत होतो, वेड्यासारखा.

दोन दिवसांनी मालक आले, म्हणाले, त्यानं हात का घातला, चालत्या यंत्रात हात घालतात का? मग म्हणाले, परवा सभा आहे, मंचाच्या फळ्या आपल्याकडून जाणार आहेत, फुकट, लगेच कापायला घ्या. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, आधी नवीन स्वीच. ते म्हणाले, सभा झाल्यावर बघू या. म्हटलं, बघू या नाही. तर मला म्हणाले, महाराष्ट्राच्या आड येतोस तू, मराठी असून? अहो, मी पाठीवर लाठी खाल्लेली, भिकाजीनं अश्रुधूर खाल्लेला, हे तेव्हा बाल्कनीत उभे होते. मी पाचर लावली, पेटीखालचा मेन स्वीच बंद केला नि म्हटलं, मालक, करवत थांबलेली आहे, आता घाला फटीत हात, मी जातो मोर्चा बघायला.

मालकांनी हात कोटाच्या खिशात घातला आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी आली. मेनचा फ्यूज काढून मी माझ्या खिशात ठेवला, वायरमननं जुनी पेटी उतरवली, नवी लावली, वायरी जोडल्या, मग फ्यूज परत बसवून पाच वेळा मेन बंद करून बघितला, पाचही वेळा हँडल खटकन खाली, मेन चालू केला तरी करवत मुकी. दीड तास, त्यातही चहा झाला. एवढ्यासाठी माझ्या भिकाजीची बोटं गेली.

फळ्या कापल्या आम्ही, सभा आमचीही होती. भिकाजीला घेऊन गेलो. मंचावरून मालकांचे आभार मानले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाराष्ट्राचं नाव निघालं तेव्हा भिकाजीनंही वाजवल्या, डाव्या हातानं, मांडीवर. मला रडू आलं तर म्हणतो, तू कित्याक रडतंस?

आता महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला, चांगलं झालं. भिकाजी वखारीच्या फाटकाशी राखणीला बसतो, मालक या नोकरीला उपकार म्हणतात. त्याच्या सदऱ्याची बटणं सकाळी त्याची बायको लावते, ती कधी माहेरी गेली की मी लावतो. मला एका शब्दानं कधी बोलला नाही, बोलला असता तर बरं झालं असतं.

तुम्ही मघाशी म्हणालात, पाचरेचं लिहू नये, तुमचा त्यात काय दोष. ते खोडू नका. मालकाचं बघू या लिहा आणि पाचर माझी होती तेही लिहा, मी दाराशी गेलो होतो तेही. लिहिता ना तुम्ही, तुमची दहाही बोटं शाबूत राहोत.