बत्तिसावी टोपी

रेणू : बाबा, इथल्या मराठी मंडळाच्या अमितला तुम्ही फोनवर नक्की काय सांगितलंत?

प्रल्हाद : खरं तेच. आमच्या जावयाला स्कॉटलंडने एकतीस वेळा टोपी घातली.

रेणू : आणि त्याने त्याचा अर्थ काय घेतला असेल?

प्रल्हाद : ...अरेच्चा!

रेणू : एकतीस वेळा फसलेला माणूस आमच्या मुलींना काय रग्बी शिकवणार, म्हणाला. आजची प्रॅक्टिस कॅन्सल केली! कॅप म्हणजे देशाकडून एक मॅच, बाबा. खरी टोपी एकदाच देतात, पहिल्या मॅचची.

प्रल्हाद : ठाऊक आहे गं. पहिल्या मॅचला चार मिनिटं खेळला, बॉलला बोट लागलं नाही, तरी गोंड्याची मखमली टोपी घेऊन आला. अमितला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून सोपं करून सांगायला गेलो.

रेणू : गुडघा जाऊन दोन वर्षं झाली. यूअन बेसमेंटमधून वर येत नाही. 'माझं करिअर संपलं', एवढंच. महिनाभर मागे लागले, तेव्हा कुठे या मुलींसाठी हो म्हणाला. आता कुठल्या तोंडाने सांगू त्याला?

प्रल्हाद : सांगूच नकोस. मी अमितला परत फोन केलाय.

रेणू : देवा! आता काय ठोकलंत?

प्रल्हाद : वेल्सच्या मॅचला पाठीवर तीन गडी, काखेत बॉल, असा चाळीस पावलं पळाला आपला यूअन. मी पहिल्या रांगेत होतो.

रेणू : तुम्ही तेव्हा इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये होतात!

प्रल्हाद : टीव्हीसमोर, पहिल्याच रांगेत. जरा बाहेर बघ.

रेणू : अगंबाई! ड्राइव्हवेत एवढ्या मुली?

प्रल्हाद : चौदा. पंधरावी ज्ञानदा, ती वाटेत आहे.

(बेसमेंटच्या जिन्यावर जड पावलं.)

यूअन : रेणू, खालच्या खिडकीत एक मुलगी विचारते, पाठीवर तीन माणूस, खरं का?

रेणू : मग? तू काय म्हणालास?

यूअन : मी बोललो, साफ खोटं.

प्रल्हाद : झालं! बुडवलंस मला.

यूअन : चार होते.

प्रल्हाद : शाब्बास रे पठ्ठ्या! थांब, कपाटातून माझी काळी टोपी आणतो. बत्तिसावी!

यूअन : टोपी नको, बाबा. माझे बूट कुठे?