चोरांचं टेबल

रत्नमाला : आत्याबाई, तुम्ही पेपर काय धरून बसलात? तुमची पुस्तकं तिकडे आहेत, टेबलावर.

चांगुणाबाई : बसू दे गं. तुझा डबा आनला, जरा टेकले. लगेच उन्हाचं कुठं निघू?

रत्नमाला : टेका ना, पण त्या टेबलापाशी टेका! तुमच्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गातल्या बायकांसाठी मी आपल्या वाचनालयात जिल्ह्याच्या ऑफिसातून पुस्तकांची अख्खी पेटी मागवली. मोठ्ठी अक्षरं, पानोपानी चित्रं. आठवडा झाला मांडून, एक बाई फिरकली नाही. निदान माझ्या सासूनं तरी एखादं उचलावं.

चांगुणाबाई : हळू बोल. समदे पेपर वाचनारे बघत्यात.

रत्नमाला : बरं, हळू. पण एकही कशी येत नाही हो?

चांगुणाबाई : भागीबाई येऊन गेली परवा.

रत्नमाला : इथे? मला कशी दिसली नाही?

चांगुणाबाई : दारापस्तोर आली, पाटी वाचली, अन शिपायाला म्हनली, प्यायला पानी हाय का? पानी पिली अन माघारी गेली.

रत्नमाला : पाटी वाचता आली म्हणून तरी आनंद व्हायला हवा होता तिला!

चांगुणाबाई : वाचता आली म्हनून तर पळाली.

रत्नमाला : काय वाईट आहे त्या पाटीत? 'नवसाक्षर भगिनींसाठी'. दोन संध्याकाळी बसून रंगवली मी. ब्रश तुम्हीच धुऊन दिलेत.

चांगुणाबाई : दिले. तवा मला काय ठाव, तू ती दारातच टांगशील? आगं, भागीबाईच्या पोरीचं जमलंय हितंच, भद्रकालीत. व्याही रोज दुपारी ह्याच बाकावर पेपर वाचत्यात. सोयरीक जमवताना तिनं सांगितलंय, मी चौथी झाले म्हनून. आता त्यांच्या म्होरं त्या पाटीखाली हुबी राहिली, का तिची चौथी गेलीच की नाय?

रत्नमाला : पण खोटं सांगायचंच कशाला?

चांगुणाबाई : सांगितलं. मंग काय फाशी द्यायची तिला?

रत्नमाला : आणि तुम्ही? तुम्ही तर कुणाला चौथीबिवथी सांगितलेली नाही.

चांगुणाबाई : मी चष्मा सांगितलाय.

रत्नमाला : चष्मा?

चांगुणाबाई : दिंडोरीहून तुमच्याकडं राह्यला आले ना, तवा शेजारच्या बाईंनी मासिक दिलं वाचाय. मी म्हनलं, चष्मा करायचाय, बारीक दिसत नाय. तवापासून त्या इचारत्यात, आज्जी, झाला का चष्मा? अन मी म्हनते, करायचाय.

रत्नमाला : मला कधी बोलला नाहीत.

चांगुणाबाई : तुला काय बोलायचं! तूच तर शिकवत होतीस.

रत्नमाला : आत्याबाई, खरं सांगते, मला वाईट वाटतंय. मला वाटलं होतं, तुम्हाला अभिमान वाटेल. पोस्टात तुम्ही अंगठा न लावता सही केलीत, तेव्हा मी बाहेर येऊन रडले होते.

चांगुणाबाई : बघितलं मी. मलाबी आलं होतं रडू. पन पोरी, कवतिक घरात गोड लागतं. चार लोकांत त्याची पाटी केली का टोचतं. मी म्हनते, मला आता वाचाय येतं. तुझी पाटी म्हनते, हिला कालपस्तोर येत नव्हतं.

रत्नमाला : मग हा पेपर कशाला? ह्याची अक्षरं तर केवढी बारीक!

चांगुणाबाई : पेपर धरला का कोन काय इचारत नाय. मथळे वाचते. खालच्या समद्या मुंग्या. अन मथळ्यांवर भागत नाय, रत्ना. वर्ग संपल्यापासून हातातून निसटाय लागलंय. काल दुकानाची पाटी वाचताना मधीच अडकले. घाम फुटला मला. वाटलं, गेलं समदं.

रत्नमाला : म्हणूनच तर पेटी आणली ना मी! आणि येत्या आठ दिवसांत कुणी पुस्तकं नेली नाहीत, तर ऑफिसवाले ती परत नेणार. पुन्हा द्यायचे नाहीत.

चांगुणाबाई : आले बघ तुमचे कार्यवाह. हेडमास्तरकी सुटली, पन छडी नाय सुटली.

रत्नमाला : शू! ऐकतील.

खंडेराव : रत्नमालाबाई, ते टेबल सोमवारी मला रिकामं हवं. दिवाळी अंक येतायत. तुमचा उपक्रम स्तुत्य होता, मी म्हणतो अत्यंत स्तुत्य. पण लोक आले नाहीत. चालायचंच.

रत्नमाला : सर, एक आठवडा द्या. चूक माझी झालीय. ती पाटी मी आत्ता उतरवते.

खंडेराव : पाटी उतरवून काय होणार? ओस टेबल ते ओसच राहणार.

रत्नमाला : कपाटातली पुस्तकं त्यात मिसळते. जाडी, पातळ, बारीक अक्षरांची, मोठ्या अक्षरांची, सगळी शेजारी शेजारी. एकाच विषयावरची. मग तिथे उभं राहिलेलं माणूस कोण, प्राध्यापक की कालच अक्षर शिकलेलं, कुणाला कळणार आहे?

खंडेराव : कपाटातली? उघड्यावर? अहो, वाचकानं चिठ्ठीवर क्रमांक लिहावा, आपण कुलूप काढून पुस्तक द्यावं, ही आपली पद्धत! पुस्तकं अशी मांडून ठेवली, की चोरांचं आयतंच फावणार.

चांगुणाबाई : चोराची गोष्ट लय झ्याक असती.

खंडेराव : काय म्हणालात?

चांगुणाबाई : रत्नानं वाचून दाखवली होती. कांदे चोराय गेला, अन डोळ्याला एवढं पानी लागलं, का वाटच सापडंना घरची. मंग मालकानंच हात धरून नेऊन सोडला. आमची भागीबाई, नवसाबाई, समद्या हसून लोळल्या.

रत्नमाला : सर! चोरच घेऊ.

खंडेराव : वाचनालयात? चोर?

रत्नमाला : लोककथांतले चोर, राजवाड्यातले चोर, पोलिसांच्या आठवणी, तुरुंगातल्या माणसांचे अनुभव. लहान मुलांच्या पुस्तकांतले चोरसुद्धा आहेत. आणि मागच्या कपाटातल्या त्या रहस्यकथा. तुम्ही वहिनींसाठी नेता ना, त्या.

खंडेराव : हां, म्हणजे, सौ.ला जरा आवड आहे.

रत्नमाला : वहिनी परवा रॉकेलच्या रांगेत भेटल्या. म्हणाल्या, माझ्या हाताला एक लागेल तर शपथ. ह्यांच्या उशाखालून निघतच नाहीत.

खंडेराव : ती काहीही बोलते.

चांगुणाबाई : आवो सर, मंग तुमचीबी चौथीच झाली की.

खंडेराव : कसली चौथी?

चांगुणाबाई : काय नाय. बायकांचं बोलनं.

खंडेराव : हे बघा, एक आठवडा. दिवाळी अंक तोवर माझ्या टेबलावर राहतील. पण पाटीवर काय लिहिणार आहात, ते आधी मला दाखवा.

रत्नमाला : 'चोर'. एवढंच.

खंडेराव : 'साहित्यातील चोर' तरी लिहा हो! संस्थेची काही प्रतिष्ठा आहे.

(पुढचा शनिवार, दुपार. तेच टेबल, भोवती माणसं.)

रत्नमाला : आत्याबाई, सरका जरा. हे मुलांचं पुस्तक कुणी जाड्या पुस्तकांखाली दाबलं?

चांगुणाबाई : ते वकीलसाहेब वाचत होते. कोन आलं का दाबतात.

रत्नमाला : वाचू देत बिचारे. भागीबाई टेबलापाशी कशा आल्या हो? मी काउंटरवरून मानही वर केली नाही सकाळपासून.

चांगुणाबाई : कशा आल्या काय! व्याही इथंच हुबे. म्हनले, या विहीणबाई, हे घ्या, हे पोलिसाचं चांगलं हाय. दिलं एवढं मोठं हातात. तिनंबी घेतलं ऐटीत. वर ते जाड, खाली आपलं पातळ. घरी जाऊन कुठलं वाचंल, ते तिचं तिला ठाव.

रत्नमाला : माझ्याकडे दोन्ही तिच्या नावावर चढलीत. नवसाबाईंनीही एक नेलं. पेटी निम्मी रिकामी झालीय, आत्याबाई! ऑफिसला कळवलं मी, पेटी राहू द्या, उलट दुसरी पाठवा.

चांगुणाबाई : काय म्हनले?

रत्नमाला : पाठवतो म्हणाले. आता पुढचा विषय कुठला, ते तुम्ही सांगायचं. आले, आले! काउंटरवर हाका मारतायत. बसा तुम्ही.

चांगुणाबाई : जा तू. मी हाय इथं... आरं बाबौ! हे काय... अगं बया!

खंडेराव : काय हो बाई, एवढं हसायला काय झालं?

चांगुणाबाई : सर, चोर शिरलाय म्हातारीच्या घरात. म्हातारीला नीट दिसत नाय. तिला वाटलं, जावई आला. त्याला जात्यावर बसवलंय दळाय! म्हनती, माझी पोरगी तिकडं राबती, आता जरा तुम्ही राबा.

खंडेराव : जावयाला? शाब्बास म्हातारीची! आणि मग?

चांगुणाबाई : अजून तिथंच हाय मी. दळतोय तो.

खंडेराव : दोन पानं तर राहिलीत. आटपा, आणि मला द्या. सौ.ला... नाही, मलाच वाचायचंय.

चांगुणाबाई : थांबावं लागंल, सर.

खंडेराव : का बरं? चष्मा विसरलात की काय?

चांगुणाबाई : नाय. डोळे चांगले हायेत माझे. मी आत्ता वर्साखाली शिकले वाचाय, तवा येळ लागतो मला. बसा की खुर्ची घेऊन.