डाव्या बाजूची सावली

डॉ. अनुपमा : दहा वर्षांत माझं माप केसाएवढं चुकलेलं नाही, काका. हा तुमच्या जबड्याचा एक्स-रे. सांध्याचं हाड उजवीकडे नऊ मिलिमीटर, डावीकडे चौदा. वाढलंय. नागपूरला ऑपरेशन करावं लागेल.

भगवंतराव : ऑपरेशन? मॅडम, सोनाळ्याच्या भाजीबाजारात हर्रासीची बोली मी पुकारतो. माह्या जबड्यावर घर चालते!

अन्नपूर्णाबाई : तरी मी म्हनत होती, तोंड उघडलं का कटकन वाजते. बायकोचं आयकाचं नाही.

डॉ. अनुपमा : थांबा. वाढलेल्या हाडाला मधे भोक कसं? काका, फोटोआधी अंगावरचं सगळं काढलं होतं ना?

भगवंतराव : हाव. चष्मा, टोपी, सारं.

अन्नपूर्णाबाई : आन् कानावर बांधलेल्या रुमालाखालची बाळी?

भगवंतराव : तू गप बस ना वं!

डॉ. अनुपमा : कुठल्या कानात?

भगवंतराव : उजव्या.

डॉ. अनुपमा : अरे देवा. या मशीनमध्ये उजव्या कानातल्या बाळीची सावली डाव्या बाजूला पडते. मी सावली मोजली!

अन्नपूर्णाबाई : पन केसाएवढी चुकली नसन.

डॉ. अनुपमा : काढा ती. परत फोटो घेते.

भगवंतराव : जमनार नाही. माह्याआधीची तीन लेकरं गेली. मंग मायनं पाच घरी भीक मांगून ही बाळी केली. अंगावरून उतरली का मी गेलो.

अन्नपूर्णाबाई : बासष्टचे झाले. यम विसरला आता तुमाले.

भगवंतराव : बरं, कानातून काढतो. अंगावेगळी करत नाही.

डॉ. अनुपमा : म्हणजे?

भगवंतराव : ते मी पाहतो. तुमी मशीन लावा.

(मशीन भगवंतरावांच्या डोक्याभोवती फिरून थांबतं.)

डॉ. अनुपमा : डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ! हाड वाढलेलंच नाही. ओरडून आणि सुपारी चावून स्नायू ताणलेत, एवढंच. नागपूर रद्द.

अन्नपूर्णाबाई : गजानना, पावला रे बाप्पा! अहो, आयकलं का?

भगवंतराव : हुं.

अन्नपूर्णाबाई : हुं काय हुं? जबडा दुखते म्हनून रातभर रडून राह्यले होते, आता मोकळ्या तोंडानं हसा की!

डॉ. अनुपमा : एक मिनिट. दाढेमागे हे गोल काय दिसतंय? काका, गालात काय धरलंय?

भगवंतराव : हुं हुं.

अन्नपूर्णाबाई : अहो, बोला ना!

भगवंतराव : मॅडम... उद्या बाजार पुकारू?

डॉ. अनुपमा : खुशाल पुकारा.

भगवंतराव : बरं. बाळी गिळली.