बस एकटी येत नाही

नाही, पण मला एक सांगा, बस येते म्हणजे नेमकं काय होतं? ...नाही दादा, मान नाही हलवत, तुम्ही कापा, मी नुसतं तोंड हलवतोय... तर आपण थांब्यावर उभे राहतो, बस येते, आपण चढतो, हो की नाही? शेंबड्या पोरालाही कळतं. साफ चूक! तुम्हाला सांगतो, बस अशी येत नाही. निदान त्या डोंगराला तरी येत नाही. आणि हे मला एका माणसाने सांगितलं असेल तर शपथ. ज्याला विचारावं तो एकच म्हणतो, बसची सोय आहे.

ऐका हो, पेपर काय वाचताय, तुमचे सगळ्यांचे नंबर माझ्या मागे आहेत, मी उठल्याशिवाय तुमची सुटका नाही.

सुरुवात झाली गाडीवरून. आमचे मेहुणे, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, यांना नवी गाडी घ्यायची, म्हणून जुनी विकायची, आणि जुनी विकायला एवढ्या मोठ्या शहरात त्यांना दिसलो कोण, तर मी. त्या गाडीचा एक दरवाजा आतून उघडत नाही, दुसरा बाहेरून उघडत नाही, आणि मेहुणे म्हणतात, "भावोजी, घरातली वस्तू घरात राहील." बायको एका पायावर तयार. मी म्हटलं, कशाला हवीय गाडी? या शहरात कुठेही जायला बस आहे. बस्स, इथे चुकलो. ही म्हणाली, "कुठेही?" मी म्हटलं, कुठेही. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोट दाखवलं. समोरच्या इमारतीवर पाण्याची टाकी आहे, टाकीच्या मागे डोंगर दिसतो, हवा स्वच्छ असली की. "त्या डोंगरावर जाऊन या. बसने जायचं, बसनेच यायचं, रात्रीच्या जेवणाला घरात. आलात तर गाडीचं नाव काढणार नाही. नाही आलात तर मुकाट्याने गाडी घ्यायची." मेहुणे तिथेच बसलेले, माझ्या खुर्चीत, "भावोजी, अडलात तर फोन करा हं, येईन मी गाडी घेऊन." म्हणजे बघा, त्याच गाडीत बसून घरी यायचं आणि उतरताना ती विकत घ्यायची!

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. दुसऱ्यांना लांबचं दिसावं याची सोय करतो, स्वतःला मात्र पुढचं काही दिसत नाही, ते सोडा. आमच्या दुकानात काउंटरला एक गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना नकाशेबुवा म्हणतो. कुठलंही ठिकाण सांगा, ते फोनवर नकाशा उघडतात, दोन बोटं ठेवतात आणि म्हणतात, "हे काय, इथंच तर आहे." डोंगर म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "उत्तम डोंगर! फक्त तीन बस. पहिलीच्या शेवटच्या थांब्याला उतरायचं, समोरून लगेच दुसरी, ती सोडली की लगेच तिसरी, ती थेट पायथ्याशी." मी म्हटलं, आणि परत यायला? माझ्याकडे त्यांनी इतकी कीव आल्यासारखं बघितलं... "अहो, बसची सोय आहे."

रविवारी सकाळी निघालो. पहिली बस वेळेवर आली, तिथंच मला शंका यायला हवी होती. शेवटच्या थांब्याला उतरलो, तर समोरून लगेच दुसरी... समोरून म्हणजे काय? मध्ये आठ पदरी रस्ता! दुसरी बस पलीकडे उभी, मला ड्रायव्हर दिसतोय, ड्रायव्हरला मी दिसतोय, आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, आणि पूल कुठे, तर पार तिकडे. मी पळत जाऊन पूल चढलो, पूल उतरलो, बस गेली. जाताना ड्रायव्हरने हात केला बरं का. माणूस चांगला होता. त्याच्या नंतरची बस मिळाली, ती वाटेतल्या प्रत्येक कारखान्याच्या गेटाशी जाऊन थांबायची. रविवार, कारखाने बंद, गेटावर चिटपाखरू नाही, तरी थांबायची, दार उघडायची, थोडी वाट बघायची, दार लावायची. मला वाटलं आता ही उतरून बेल वाजवणार.

तिसरी बस अगदीच लहान. आत मी आणि ड्रायव्हर. त्याने विचारलं, "फाट्याला की डोंगराला?" मी छाती काढून म्हटलं, डोंगराला. तो म्हणाला, "अरे वा." त्या 'अरे वा'चा अर्थ मला संध्याकाळी कळला.

डोंगर मात्र छान होता, खोटं कशाला बोलू. धापा टाकत वर पोचलो, डबा खाल्ला, आणि असा वारा सुटला... सगळं शहर खाली पसरलेलं. मी आमची टाकी शोधत बसलो. सापडली असं वाटलं, तर तशा आणखी पन्नास टाक्या. तरी त्यातल्या एका टाकीकडे बघून मी हात केला. उगाच. आता तिथून कोणाला दिसणार होतो मी? पण केला. मेहुण्यांना वाकुल्याही दाखवल्या, तेही सांगून टाकतो.

बाकी वर आलेले सगळे गाडीवाले. उतरताना एकाने विचारलंसुद्धा, "सोडू का शहरात?" मी नाक वर करून म्हटलं, नको, बसची सोय आहे.

पायथ्याशी चौकी आहे एक, तिथला चौकीदार खुर्ची टाकून बसलेला. मी विचारलं, काका, बस कधी येते? ते म्हणाले, "कोणी आलं तर." कोण आलं तर? "कोणीही. बस एकटी येत नाही." मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग त्यांनी शांतपणे समजावलं... दादा, कान सांभाळा हं... की बस खरी फक्त फाट्यापर्यंत. आत बसलेल्या कोणाला डोंगराला उतरायचं असेल, तरच ती इथवर येते. नसेल तर फाट्यावरूनच वळते. मी म्हटलं, पण मला जायचंय ना! "जाणाऱ्याला कोण विचारतो? येणारा पाहिजे." आणि संध्याकाळी डोंगरावर येणारा कोण असतो? "कोणीच नाही." मग लोक जातात कसे? "लोक गाडीने येतात." फाटा किती लांब? त्यांनी नुसतं माझ्या बुटांकडे बघितलं. चालत गेलो असतो तरी शेवटची बस तिथून वळून घरी जाऊन झोपली असती.

आधी नकाशेबुवांना फोन लावला. म्हटलं, अहो सोयवाले, आता तुम्ही स्टँडवर जा, बसमध्ये बसा आणि इथे या, म्हणजे बस येईल. ते म्हणाले, "मी? तिकडे? मी कधीच गेलो नाही हो." मग सांगत काय होतात? "मी नकाशा बघतो. कुठे जायला लागलो तर बघायला वेळ कसा मिळेल?"

मग बायकोला लावला. आवाज एकदम मोकळा ठेवला. म्हटलं, छान आहे सगळं, निघतोच आहे, फक्त इथे एक गंमत आहे, कोणी इकडे येणारं असेल तरच बस येते, म्हणजे काळजीचं काही नाही, असाच एक नियम. ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

बायकोचं 'बरं' म्हणजे काय, हे इथल्या लग्न झालेल्यांना मी काय सांगू? मी समजलो, खेळ खलास. आता ही भावाला पाठवणार, तो ती दोन दरवाजांची गाडी घेऊन येणार, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक घरगुती समारंभात तेच, "भावोजी डोंगरावर बसले होते, मी गेलो म्हणून..." मी ठरवलं, राहीन इथं चौकीत, पण त्या गाडीत बसणार नाही.

अंधार पडायला लागला. वळणावर दिवे दिसले. मी पटकन चौकीच्या मागे जाऊन उकिडवा बसलो. काकांना खूण केली, मी इथं नाही. दिवे जवळ आले, थांबले, दार उघडल्याचा आवाज आला. मी श्वास रोखून बसलोय. इंजिनाचा आवाज मोठा होता जरा, मला वाटलं, गाडी जुनी आहे. मग काकांचा आवाज आला, "अहो, बस वळतेय, जाईल!"

धावलो. अक्षरशः जीव घेऊन धावलो. बघतो तर बसच्या पायरीशी खाली कोण उभं? ही! घरातल्याच कपड्यांत, हातात पाण्याची बाटली. म्हणाली, "मी उतरले. आता चढताय, की मागे अजून एक डोंगर आहे?"

तुम्हाला सांगतो, गाडी तिला हवी होती, पैज तिची होती. नुसती घरी बसून राहिली असती तरी जिंकली असती. ती बाई एकटी, रिकाम्या बसमध्ये बसून आली, कशासाठी, तर माझी बस यावी. ड्रायव्हर म्हणे तिला, "तिकीट डोंगराचं आहे, उतरावं लागेल," म्हणून ती नियमाप्रमाणे उतरली, दोन पावलं चालली, आणि पुन्हा चढली. जवळ बसल्यावर मी हळूच विचारलं, का आलीस? तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दुपारभर टाकीच्या मागे बघत होते. दिसताय का ते." दिसलो का? "छे. पण बघत होते." फार बरं वाटलं हो मला. खरंच.

मी म्हटलं, मग गाडी? "गाडी कशाला? बसची सोय आहे."

इथं संपलं असतं तर गोष्ट गोड होती. पण खिडकीतून हिने तो डोंगर संध्याकाळचा बघितला ना! म्हणाली, पुढच्या रविवारी मीही येणार. आता आम्ही दोघं वर, मग बसमध्ये कोण? हिने भावाला बसवलं. गाडीने आणा म्हणाल, तर ती त्याने तोवर विकली, कोणाला, तर नकाशेबुवांना. नवी अजून यायचीय. आणि नकाशेबुवा ती बाहेर काढत नाहीत, लावायची जागा जाईल म्हणून. तर मेहुणे आले बसने, तोंड पाडून उतरले, वर बघितलं, वारा लागला, आणि म्हणाले, "भावोजी, पुढच्या रविवारी मीसुद्धा." मग बसमध्ये कोण? सासूबाई! त्या उतरल्या, चौकीदाराच्या खुर्चीत टेकल्या, आणि उठायलाच तयार नाहीत. "जावईबुवा, तुम्ही सगळ्यांनी मजा करायची आणि मी काय बसमधून नुसती ये-जा करायची?" काल बूट घेतले त्यांनी. जाळीचे.

म्हणजे उद्या आम्ही चौघं डोंगरावर. आणि बसमध्ये कोणी नाही! म्हणून विचारतो, इतका वेळ काय मी घसा उगाच कोरडा केला? उद्या संध्याकाळी तुमच्यापैकी कोणी मोकळं आहे का? काही करायचं नाही, नुसतं बसायचं, उतरायचं, चढायचं, तिकीट माझ्याकडून... अहो काका, पेपर उलटा धरलाय तुम्ही. आणि तुम्ही, तुमचा नंबर आहे ना, उठून कुठे चाललात?

काय म्हणालात दादा? तुम्ही? उद्या दुकान बंद ठेवून तुम्ही याल? अहो देवासारखे भेटलात! मग साधारण संध्याकाळी स्टँडवरून...

काय? सकाळीच येता? एवढ्या लांब यायचंच तर डोंगर चढून घेता?

...कापा. तुम्ही केस कापा.