सोमवारच्या गोळ्या

(परळ. हॉस्पिटलमध्ये वॉर्डाबाहेरचा बाक. हितेंद्रची बायको प्राची, आणि तो ज्यांच्या गणपतीच्या कारखान्यात काम करतो ते कुशाबा.)

प्राची : नाही हो काका, तुमची कसली चूक? मीच भांडले त्याच्याशी. पाय चिरलेला असताना पाण्यात उतरायचंच कशाला?

कुशाबा : पाणी कारखान्यात शिरलेलं गो. मूर्तींसमोर चप्पल कोण घालणार? माझ्याकडे चाळीस वर्षं सगळे अनवाणीच.

प्राची : उंदरांच्या मुतातून येतो म्हणे हा लेप्टो. जखमेतून आत गेला. सलाइनमधून इंजेक्शनं चालू आहेत. दोन दिवस लघवी बंद, डायलिसिसपर्यंत गोष्ट गेलेली. आज पहाटे झाली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

कुशाबा : ताप?

प्राची : उतरतोय. पण डॉक्टर ओरडले. पाण्यातून आल्यावर लगेच गोळी घेतली असती, तर बहुतेक इथवर आलंच नसतं. म्हटलं, आम्हाला कुणी दिलीच नाही. त्या आरोग्यसेविकेच्या नावानं बोटं मोडली मी.

कुशाबा : तिला बोलू नको.

प्राची : का?

कुशाबा : ती आलेली. सोमवारी. सात जणांच्या गोळ्या माझ्या हातात दिल्यान. म्हणाली, भरल्या पोटी द्या. श्रावणी सोमवार, सगळे उपाशी. म्हटलं, उद्या देतो. रंगाच्या कपाटात ठेवल्या.

प्राची : आणि मंगळवारी?

कुशाबा : विसरलो.

प्राची : विसरलात.

कुशाबा : मंगळवारी विसरलो. बुधवारी आठवलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, मळमळलं कुणाला तर काम अडेल, गणपती तोंडावर. एवढ्यानं काय होतंय.

प्राची : बाकीचे सहा?

कुशाबा : लेप्टो कळलं त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं. समोर उभा राहून गोळ्या घ्यायला लावल्या. पण इथे यायला पाय उचलेना. दोनदा गेटावरून परत गेलो. लाज वाटते गो, तोंड दाखवायची.

प्राची : मला सांगून मोकळे होऊ नका, काका. आत जा. त्याला सांगा.

कुशाबा : काय म्हणेल तो?

प्राची : काय म्हणणार? शुद्धीवर आल्यापासून एकच लावलंय. ऐन सीझनला आजारी पडलो, मूर्तींचे डोळे आखायचे राहिले. म्हणतो, काकांची माफी मागून ये.